कापलेला हार आणि "आमचं" या शब्दाचा अर्थ

प्रवरातीर (धागालेखिका)

मागच्या महिन्यात कामानिमित्त दिल्लीला गेले होते. परतीची गाडी रात्रीची, म्हणून दुपार राष्ट्रीय संग्रहालयात काढली. हडप्पा दालनात एका काचेच्या कपाटापुढे उभी राहिले ती पाऊण तास तिथून हललेच नाही. आत मोहेंजोदडोला सापडलेला एक हार आहे. फिकट हिरव्या दगडाचे लांबट मणी, मधेमधे सोन्याच्या बारीक चकत्या आणि खाली सोन्याच्या तारेत अडकवलेली रंगीत दगडांची लोंबती. साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तो ओवला आणि कुणाच्या तरी गळ्यात शोभला.

हार अर्धा आहे. हे मी आधी वाचलं होतं, तरी समोर उभी राहिल्यावर डोळे आपोआप उरलेले मणी शोधायला लागले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फाळणीत रेल्वेचे डबे, कचेऱ्यांतली टेबलं, टाइपरायटर वाटले गेले, तशा संग्रहालयांतल्या वस्तूही वाटल्या गेल्या. मोहेंजोदडो पाकिस्तानात गेलं, पण तिथल्या उत्खननातल्या पुष्कळ वस्तू दिल्लीत होत्या. निम्म्या-निम्म्या करायचं ठरलं. मडकी, मुद्रा, वजनं ढिगाने होती, त्यांची वाटणी सोपी. पण काही दागिने एकेकटेच होते. मग ते उसवले गेले आणि मणी दोन देशांत वाटले. एक कमरपट्टाही असाच वाटला गेला. ज्या कुणी तो दोरा कापला असेल, त्या माणसाच्या हाताला त्या क्षणी काय वाटलं असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

ब्राँझची नर्तकी दिल्लीत आहे. जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच. डावा हात खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, उजव्यात मात्र चारच. आणि तीन पाकळ्यांच्या नक्षीची शाल पांघरलेला, डोळे अर्धे मिटलेला तो "पुरोहित-राजा" कराचीत आहे. तो ज्यांच्या उत्खननात सापडला ते काशिनाथ नारायण दीक्षित मूळचे पंढरपूरचे. मोहेंजोदडोच्या एका भागाला आजही "डीके" म्हणतात, ते त्यांच्याच आडनावावरून. पुढे १९३७ ते १९४४ ते पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. पंढरपूरच्या माणसाने सिंधमध्ये उकरून काढलेली मूर्ती आज कराचीत आहे आणि तिथली शाळकरी मुलं तिच्याकडे आपली म्हणून बघतात. मला त्यात चुकीचं काही वाटत नाही.

धागा काढायचं कारण वेगळंच. हाराचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. एका मामेभावाने लगेच लिहिलं, "हे सगळं आपलं आहे, त्यांचा याच्याशी काय संबंध?" परदेशातल्या एका बहिणीने उत्तर दिलं, "त्यांच्या जमिनीत निघालं ना, मग त्यांचंच. आपण कशाला हक्क सांगायचा?" दोघांची तासभर जुंपली. मला दोन्ही वाक्यं सारखीच टोचली.

माझं माहेर प्रवरेकाठी, दायमाबादपासून जवळ. १९७४ साली तिथे एका शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना ब्राँझची चार शिल्पं मिळाली. बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. सगळी मिळून साठ किलोंच्या वर वजन. लहानपणी वडील मला तिथल्या पांढरीवर घेऊन जायचे. पायाखाली खापऱ्या करकर वाजायच्या. वडील एखादी उचलायचे, अंगठ्याने माती पुसून मला दाखवायचे आणि परत तिथेच ठेवायचे. "घरी न्यायची नाही," म्हणायचे. "ही आपली नाही, आपण हिच्या गावचे आहोत." दायमाबादच्या एका थरात सिंधू लिपीची चिन्हं कोरलेल्या मुद्राही निघाल्या आहेत. श्रीरामपूर तालुक्यातलं आमचं टेकाड आणि लारकानाजवळचं मोहेंजोदडो यांच्यामध्ये तेव्हा कुठली सीमा होती? आणि प्रवरेकाठच्या ओतकाराने गेंडा घडवला, तो त्याने कुठे पाहिला असेल?

माझं म्हणणं एवढंच. राष्ट्र वेगळं असणं आणि वारसा एक असणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एकीसाठी दुसरी कापायची गरज नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

जुनापुराणा

उत्तम धागा. एक भर घालतो.

फाळणीनंतर हडप्पा आणि मोहेंजोदडो दोन्ही पलीकडे गेली तेव्हा आपल्याकडच्या पुरातत्त्वज्ञांचे हात रिकामे झाले. त्या रितेपणातूनच इकडे शोधाशोध सुरू झाली. शि. रं. राव यांनी १९५५ पासून गुजरातमधलं लोथल खणलं. राजस्थानात १९६० पासून कालीबंगन खणलं गेलं. पुढे कच्छच्या रणात धोलावीरा सापडलं, ते २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. "आपल्याकडेही हवं" या राष्ट्रीय ईर्ष्येतून ज्ञान वाढलं, हे मान्य करायला हवं. राष्ट्रभावनेला या बाबतीत सरसकट दोष देऊ नये.

आता दुसरी बाजू. लोथलमध्ये जी वजनं मिळाली ती हडप्पाच्याच मापाची आहेत. मूळ एकक साधारण ०.८५ ग्रॅमचं, मग दुप्पट, चौपट, आठपट, सोळापट. विटांचं प्रमाणही तेच, उंची-रुंदी-लांबी एकास दोनास चार. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंनी जितकं खणत गेलो तितकं एकच माप हाती आलं.

मॉर्टिमर व्हीलर फाळणीच्या वेळी भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते, नंतर पाकिस्तान सरकारचे सल्लागार झाले. १९५० साली त्यांचं पुस्तक आलं, त्याच्या नावातच "पाकिस्तानची पाच हजार वर्षं" होती. देश तीन वर्षांचा होता. हसायची गोष्ट नाही ही. नव्या राष्ट्राला जुनं आयुष्य लागतंच, आपल्यालाही लागलं.

---

सह्यकडा

प्रवरातीर ताई, लेख मनापासून लिहिला आहे, पण असहमती नोंदवतो.

माझा धाकटा भाऊ सैन्यात होता. त्याची बदली सीमेवर झाली की आई रात्रभर जागी असायची. अशा घरातल्या माणसाला "आपण सगळे एकच" हे ऐकायला जड जातं. सामायिक वारसा म्हणता म्हणता लोक पुढे जाऊन म्हणतात की सीमा खोट्या, राष्ट्र खोटं. राष्ट्र खोटं नाही. त्याच्यासाठी माणसं मेली आहेत.

दुसरं. वारसा सांगायचा तर तो आधी स्वीकारावा लागतो. तिकडच्या अनेक शालेय पुस्तकांनी वर्षानुवर्षं देशाची गोष्ट ७१२ सालच्या मुहम्मद बिन कासिमच्या स्वारीपासून सुरू केली. ज्यांनी आधीची हजारो वर्षं दाराबाहेर ठेवली, त्यांना अर्धा हार कशासाठी?

---

उल्हासनगरकर

सह्यकडा, तुमच्या आईच्या जागरणाबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर थोडं बोलू द्या. मी सिंधी. मराठी शाळेत शिकलो, लिहितो मराठीत, घरात सिंधी.

माझी डाडी, म्हणजे वडिलांची आई, नऊ वर्षांची असताना कराचीहून बोटीने मुंबईला आली. तिथून कल्याण कॅम्प. लष्कराच्या बराकी होत्या, १९४९ साली त्याच वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. डाडी सांगते, पहिले काही दिवस ती कुणाशी बोललीच नाही. मग एक दिवस भाजीवाली बाई तिच्या आईला म्हणाली, "ताजी आहे." डाडीने मान वर केली. कारण सिंधीतही "आहे" हे "आहे"च आहे. हिंदीत "है", गुजरातीत "छे", पण आमच्याकडे आणि तुमच्याकडे "आहे". त्या एका शब्दाने तिला वाटलं की इथे राहता येईल.

मोहेंजोदडो हा शब्दसुद्धा आम्ही तसा म्हणत नाही. "मुअनि जो दड़ो." मुअनि म्हणजे मेलेले, दड़ो म्हणजे ढिगारा. मधला "जो" म्हणजे तुमचा "चा". मेलेल्यांचा ढिगारा. भारतात राहणारा मी हे नाव माझ्या भाषेत समजून म्हणतो. लारकान्यातला मुसलमान शेतकरीही त्याच भाषेत समजून म्हणतो. आता यात वारसा कोणाचा?

शालेय पुस्तकांचं म्हणणं खरं आहे. पण पुस्तक म्हणजे अख्खा देश नाही. पाकिस्तानच्या वीस रुपयांच्या नोटेवर मोहेंजोदडोचं चित्र आहे. सिंधमध्ये उडेरोलाल नावाच्या गावी एकाच आवारात मंदिर आणि दर्गा आहे. आम्ही ज्या देवाला झुलेलाल म्हणतो त्याला तिथले मुसलमान शेख ताहिर म्हणून मानतात. पाहुण्याच्या खांद्यावर अजरक घालायची रीत तिथे हिंदू-मुसलमान दोघेही पाळतात. आणि अजरक छापणारे खत्री कारागीर इकडे कच्छमध्येही आहेत. २००१ च्या भूकंपानंतर त्यांनी अजरखपूर हे नवं गाव वसवलं. निळीचा आणि मंजिष्ठेच्या लालाचा तोच कपडा दोन देशांत वाळत पडलेला असतो.

आमच्याकडे सिंध नावाचं राज्य नाही. आहे ते राष्ट्रगीतातल्या एका शब्दात. तो शब्द काढावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली होती. २००५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले होते.

---

पैठणकाठ

उल्हासनगरकर, "आहे" वाचून अंगावर काटा आला.

मी साड्यांच्या व्यवसायात आहे, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे टांगाईल येतं. टांगाईल हा बांगलादेशातला जिल्हा. तिथले बरेच बसाक विणकर फाळणीच्या वेळी आणि नंतर इकडे आले, नदिया जिल्ह्यात फुलियाला स्थायिक झाले, आणि तीच साडी विणत राहिले. २०२४ च्या जानेवारीत पश्चिम बंगालच्या टांगाईल साडीला भौगोलिक मानांकन मिळालं. बांगलादेशात संताप उसळला आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी टांगाईल साडीला आपलं मानांकन जाहीर केलं.

कोण खरं? मी फुलियात एका विणकराच्या घरी बसले आहे. मागावर बुट्टी भरताना त्याची बोटं ज्या वेगाने चालत होती ती काही मानांकनातून आलेली नव्हती, ती त्याच्या आजोबांकडून आली, आणि आजोबांच्या बोटांत टांगाईलचं पाणी होतं. बांगलादेशाचा राग मला समजतो, कारण गावाचं नाव त्यांचं. विणकराचा हक्कही समजतो, कारण घर सुटलं तरी कसब सुटलं नाही.

आपल्याकडेच बघा. नाव पैठणचं, पण आज पैठणीचे माग जास्त येवल्यात. पैठणकर आणि येवलेकर भांडतात का? नाही, कारण दोघे एका राज्यात आहेत, कागदावर दोन्ही नावं बसतात. मधे सीमा आली की कागद एकच नाव मागतो. तक्रार करायची तर ती त्या कागदाबद्दल करायला हवी. एकाच साडीला दोन देशांनी मिळून मानांकन मागायची सोय हवी, आणि ती मागायला आपल्या मोठ्या देशाने पुढे यावं असं मला वाटतं. बासमतीचंही युरोपात तेच झालं, एका तांदळासाठी दोन शेजारी परक्यांच्या दारात.

---

बर्मिंगहॅमहून

थोडक्यात. इथे येऊन मला बावीस वर्षं झाली. जनगणनेच्या अर्जात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी अशा वेगळ्या चौकटी असतात. रस्त्यावर शिवी देणारा मात्र चौकट विचारत नाही, एकच शब्द तिघांनाही देतो. आणि इथली "इंडियन" म्हणून ओळखली जाणारी उपाहारगृहं बहुतेक बांगलादेशातल्या सिल्हेटच्या माणसांनी उभी केली. बाबा वारले तेव्हा पहिल्या तीन दिवसांचं जेवण शेजारच्या, पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरच्या बाईंनी पाठवलं. शाकाहारी, कांदा-लसूणही नाही, न सांगता. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, हे तिला शिकवावं लागलं नाही.

---

नागभूमी

मी नागपूरचा, घरात बौद्ध धम्म. २०१८ मध्ये आई-बाबांना घेऊन लुंबिनीला गेलो. आमच्या बसमध्ये सगळे विदर्भातले. सोनौलीला सीमा ओलांडली तेव्हा आईने विचारलं, "आता आपण दुसऱ्या देशात आलो का?" म्हटलं, हो. ती म्हणाली, "बुद्धाच्या घरी आलो ना, मग दुसरा कसा?"

नेपाळी लोकांना एक गोष्ट फार लागते, आणि ती लागणं रास्त आहे. भारतात कुणी "बुद्ध भारतात जन्मले" म्हटलं की ते दुखावतात. लुंबिनी नेपाळमध्ये आहे, हे आपण साधेपणाने म्हणायला काय हरकत आहे? तिथे अशोकाचा स्तंभ उभा आहे, त्यावर कोरलंय "हिद बुधे जाते", इथे बुद्ध जन्मले. म्हणून त्या गावाला करात सूटही दिली. बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर लिहून ठेवलेलं आहे आणि आपण अजून वाद घालतो. आईने त्या स्तंभाच्या कठड्याला कपाळ टेकवलं तेव्हा शेजारी श्रीलंकेच्या पांढऱ्या साड्यांतल्या बायका होत्या. त्यांच्यातल्या एकीने आईच्या हातात फुलं दिली. भाषा कुणालाच कळत नव्हती. दोघींनी "बुद्धं सरणं गच्छामि" एकत्र म्हटलं.

राष्ट्र नेपाळचं, धम्म सगळ्यांचा. आमच्या घरात याचा कधी गोंधळ झाला नाही.

---

अनुस्वार

नागभूमींनी अशोकाचा विषय काढलाच आहे, तर मुंबईकरांनी हे जरूर करावं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नालासोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. १८८२ साली पुरातत्त्व-संशोधक भगवानलाल इंद्रजींना मिळाला. अशोकाने ठिकठिकाणच्या खडकांवर जी एकच लेखमाला कोरवली, तिच्यातल्या आठव्या लेखाचा थोडासा भाग, ब्राह्मी लिपीत. त्यात राजा सांगतो की पूर्वीचे राजे मृगयेच्या सहलींना जायचे, मी धर्मयात्रेला निघालो. तोच आठवा लेख पाकिस्तानात शाहबाजगढीच्या खडकावर संपूर्ण आहे, पण खरोष्ठी लिपीत, उजवीकडून डावीकडे. सोपाऱ्याचा तुटका मजकूर विद्वानांनी जुळवला तो असल्याच दूरच्या खडकांच्या आधाराने. आपल्या अर्ध्या ओळीची उरलेली ओळ पेशावरच्या बाजूला आहे, हे मला कधीही क्लेशकारक वाटलं नाही. उलट आधार वाटतो.

संस्कृत व्याकरणकार पाणिनी तिकडचाच, शलातुरचा. पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या ज्याची सूत्रं घोकली गेली तो माणूस सिंधू नदीच्या पलीकडच्या काठाजवळ जन्मला.

आणि उलट दिशेनेही. कराचीत नारायण जगन्नाथ वैद्यांच्या नावाची शाळा आहे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, त्या काळात तिथल्या शिक्षण खात्यात काम केलेला हा मराठी माणूस. शाळा १८५५ ची. देश बदलला, पाटीवरचं नाव राहिलं.

---

सह्यकडा

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. वीस रुपयांच्या नोटेचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद.

माझा मुद्दा मी सोडत नाही. वारसा एक आहे म्हणून राजकारण मऊ पडावं, हे मला मान्य नाही, आणि माझ्या भावाला त्याच्या नोकरीत याचा काही उपयोग झाला नसता. पण "त्यांना अर्धा हार कशासाठी" हे मी मागे घेतो. उल्हासनगरकरांच्या डाडीची भाषा तिथे बोलली जात असेल, तर तिथल्या मण्यांवर त्या भाषेचा हक्क आहे.

लाहोर संग्रहालयाबद्दल कुणाला माहिती आहे का? तिथलीही वाटणी झाली असं ऐकून आहे.

---

जुनापुराणा

झाली. लाहोरच्या वस्तू साठ-चाळीस प्रमाणात पश्चिम आणि पूर्व पंजाबात विभागल्या. आपला वाटा १९४९ मध्ये आला, बरीच वर्षं इकडून तिकडे फिरला, आणि १९६८ मध्ये चंडीगडचं संग्रहालय उघडलं तेव्हा त्याला घर मिळालं. तिथे गांधार शैलीची सहाशेच्या वर शिल्पं आहेत. पेशावर-स्वातच्या डोंगरातले बुद्ध शिवालिकच्या पायथ्याशी. उपवासाने बरगड्या दिसणारा तो प्रसिद्ध बुद्ध मात्र लाहोरला राहिला. ज्यांना जमेल त्यांनी चंडीगड नक्की पाहावं, तिथे गर्दी नसते, निवांत बघता येतं.

---

प्रवरातीर

इतकं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. मामेभावाला हा धागा पाठवला आहे, त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

सह्यकडा, राजकारण मऊ पडावं असं मलाही म्हणायचं नाही. भांडण असलं तर ते आजच्या गोष्टींवर व्हावं. पाण्यावर, बंदुकीवर, व्यापारावर, ज्याची जबाबदारी आज जिवंत असलेल्या माणसांवर आहे त्यावर. हाराला त्यात ओढू नये, एवढंच. पैठणकाठ यांचं संयुक्त मानांकनाचं म्हणणं मला फार पटलं. तसंच दोन्ही अर्धे हार एखाद्या वर्षी एका कपाटात, आधी दिल्लीत आणि मग कराचीत, शेजारी ठेवता आले तर? मालकी कुणाची बदलू नका. नुसतं शेजारी ठेवा.

---

उल्हासनगरकर

ताई, हाराचा फोटो इथे टाकाल का? डाडीला दाखवायचा आहे. ती आता फारशी उठत नाही, पण डोळे चांगले आहेत.

---

प्रवरातीर

टाकला आहे. काचेवर वरच्या दिव्याची तिरीप आली आहे, तेवढी चालवून घ्या.

---

उल्हासनगरकर

दाखवला. फोन मोठा करून तिच्या हातात दिला. अर्ध्या हाराची गोष्ट आधी सांगितली नव्हती. तिने बोटाने एकेक मणी पुढे सरकवत सगळा हार बघितला, जसं जपाची माळ ओढतात तसं. मग दोऱ्यापाशी थांबली. लग्नाआधी ती शेजारच्या बायकांचे हार ओवून द्यायची, तिला कळतं. म्हणाली, "धागो नओं आहे."